प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग: सुरक्षित व्होल्टेज आणि तापमान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न सतत येत असतात. एकाच शंकेची चार रूपं आली तिथे ती एकत्र केली आहेत, आणि उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे आकडे हवेवर किंवा पाण्याच्या बंद कूलरवर रोज चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी आहेत. द्रव नायट्रोजन ओतून काही मिनिटांचा विक्रम करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

१. ओव्हरक्लॉकिंगमध्ये नेमकं काय वाढवतात? आणि त्यासाठी व्होल्टेज का वाढवावं लागतं?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका गणन-भागाचा, वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ५२ असेल तर वेग ५.२ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. तेवढ्यात सिग्नल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचला नाही तर उत्तर चुकतं, आणि मग प्रोग्रॅम बंद पडतो किंवा मशीनच अडकतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर उघड-बंद होतात आणि ती वेळ गाठता येते.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खात असलेली वीज ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात वाढते. समजा १.२० व्होल्टवर ४.७ गिगाहर्ट्झला १५० वॅट लागत होते. आता १.३५ व्होल्टवर ५.१ गिगाहर्ट्झ चालवले. वेग वाढला साडेआठ टक्के, वीज मात्र ३७ टक्के वाढून २०६ वॅटच्या आसपास गेली. तापमानाबरोबर वाढणारी गळती यात धरलेलीच नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका हिशेबातून निघतात.

२. माझा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होईल का?

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’, ‘केएफ’ किंवा ‘केएस’ हवं आणि मदरबोर्ड झेड चिपसेटचा हवा. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा लागतो. ए मालिकेच्या बोर्डावर कोअर ओव्हरक्लॉक होत नाही. मोठी कॅश असलेले एक्स३डी प्रोसेसर हा अपवाद आहे. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा मल्टिप्लायर बंद आहे. ९८००एक्स३डीपासून तो खुला झाला.

३. तापमान किती असलं तर सुरक्षित समजायचं?

आधी आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा माहीत करून घ्या. तिला टीजेमॅक्स म्हणतात. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायला लागतो. काही नेहमीचे आकडे: इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या ‘के’ प्रोसेसरना १०० अंश सेल्सिअस, कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेला १०५, रायझन ५८००एक्स ते ५९५०एक्सला ९०, ५६००एक्सला ९५, रायझन ७००० आणि ९००० ला ९५, ७०००एक्स३डीला ८९.

हाताने व्होल्टेज ठरवलेल्या मशीनसाठी आम्ही हे माप धरतो: गेम खेळताना ६० ते ७५, रेंडरिंगसारख्या सलग कामात ८५च्या आत, आणि कृत्रिम ताण चाचणीत थोडा वेळ ९०पर्यंत. टीजेमॅक्सच्या अगदी खाली रोज तासन्‌तास राहण्यात तत्काळ धोका नसतो, पण उन्हाळ्यासाठी जागा उरत नाही. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर प्रोसेसरचंही जवळजवळ तेवढंच वाढतं. थंडीत ८८वर ‘स्थिर’ ठरवलेली सेटिंग उन्हाळ्यात कोसळते ती यामुळेच.

कारखान्याच्या सेटिंगवर ९५ला जाऊन थांबणाऱ्या रायझन ७०००बद्दल प्रश्न १३ पाहा.

४. सुरक्षित व्होल्टेज किती? एकच आकडा सांगा.

एकच आकडा नसतो, आणि जो तसा देतो त्याच्यावर विसंबू नका. त्याच १.३५ व्होल्टवर एका कोअरला हलकं काम असेल तर प्रवाह थोडा असतो. सगळे कोअर जड गणितात गुंतले तर त्याच व्होल्टेजला दोनशे ॲम्पिअर वाहतात. झीज होते ती व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान यांच्या मेळातून. म्हणून खालचे आकडे ‘सगळे कोअर पूर्ण भारात असताना प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज’ असे वाचा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, टाकलेल्या आकड्याशी त्यांची तुलना करू नका.

- इंटेल सँडी ब्रिज, ३२ नॅनोमीटर: १.३५ ते १.३८
- इंटेल हॅसवेल, २२ नॅनोमीटर: १.२५ ते १.३०. बहुतेकदा व्होल्टेजच्या आधी तापमानच अडवतं
- इंटेल स्कायलेक ते कॉमेट लेक, १४ नॅनोमीटर: १.३५ निवांत, १.४० ही वरची रेघ
- इंटेल १२वी ते १४वी पिढी: १.२० ते १.३०. त्यावर जायचं तर कूलर खरोखर तगडा हवा
- रायझन १००० आणि २०००: १.३५ निवांत, १.४०च्या वर नको
- रायझन ३००० आणि ५०००: १.२५ ते १.३०
- रायझन ७००० आणि ९०००: १.२० ते १.२५. एक्स३डीवर स्थिर व्होल्टेज लावूच नका

हे आकडे वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांच्या अनुभवातून ठरलेले आहेत. यातला एकही आकडा उत्पादकाने हमी म्हणून दिलेला नाही. आमचं ठाम मत असं: शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त मागितले जात असतील तर ते १०० मेगाहर्ट्झ सोडून द्यावेत. गेममध्ये तो फरक जाणवणार नाही, पण वीज, आवाज आणि झीज रोज सोसावी लागेल.

५. इंटेलच्या कागदपत्रात १.५२ व्होल्ट, नव्या पिढ्यांत तर १.७२ लिहिलंय. मग तुम्ही १.३०वर का अडवता?

तो आकडा म्हणजे प्रोसेसर जास्तीत जास्त किती व्होल्ट *मागू शकतो* त्या पट्ट्याचं टोक आहे. ते मागणं करणाऱ्या यंत्रणेचं माप झालं. त्या व्होल्टेजवर पूर्ण भारात वर्षभर चालवा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय त्या तक्त्यात प्रवाहाची आणि तापमानाची वेगळी बंधनं असतात, आणि ती एकाच वेळी पाळायची असतात. १.५० व्होल्टला एक कोअर क्षणभर धावणं आणि सोळा कोअर तासभर धावणं यांत फार मोठं अंतर आहे.

६. सॉफ्टवेअरमध्ये व्हीआयडी, व्हीकोर, एसव्हीआय असे तीन-चार आकडे दिसतात. खरा कोणता?

व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने केलेली मागणी. ती मिळालेलं व्होल्टेज दाखवत नाही. हाताने स्थिर व्होल्टेज लावलं असेल तर व्हीआयडीकडे दुर्लक्ष करा.

व्हीकोर हे बोर्डाने मोजलेलं असतं, पण कुठे मोजलं याला महत्त्व आहे. पुष्कळ बोर्ड सॉकेटजवळ मोजतात. तिथून चिपपर्यंतच्या वाटेत भाराखाली व्होल्टेज पडतं, त्यामुळे सॉकेटचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. महागड्या बोर्डांवर थेट चिपच्या आतून मोजमाप येतं, ते जास्त विश्वासाचं. रायझनवर एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप-सॉफ्टवेअरमधली ‘एसव्हीआय२ टीएफएन’ किंवा ‘एसव्हीआय३ टीएफएन’ ही ओळ पाहा.

तापमानातही असाच घोळ आहे. रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये ‘टीसीटीएल’ हा आकडा पंख्याच्या सोयीसाठी मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला होता. खरं तापमान ‘टीडाय’ या ओळीत असतं.

७. बायोसमध्ये १.३० दिलं, पण भार टाकला की १.२० दिसतं. बोर्ड खराब आहे का?

नाही, हे मुद्दाम ठेवलेलं वागणं आहे. प्रवाह वाढला की व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात खाली येतं, त्याला व्हीड्रूप म्हणतात. हे प्रमाण, म्हणजे लोड-लाइन, १ मिलिओहमचं असेल आणि प्रवाह १०० ॲम्पिअर असेल तर घट बरोबर १०० मिलिव्होल्ट. भार अचानक गेला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. ही घट ठेवलेली असते म्हणून ती उसळी धोक्याच्या रेघेखाली राहते.

लोड-लाइन कॅलिब्रेशन ही घट कमी करतं. सगळ्यात कडक पातळी लावली की मॉनिटरवर रेघ सपाट दिसते आणि माणूस खूश होतो. पण भार सुटताना येणारी उसळी सॉफ्टवेअरला दिसत नाही, कारण ते सेकंदाला एकदाच वाचतं आणि उसळी मायक्रोसेकंदांची असते. आमचा सल्ला मधल्या पातळीचा: भाराखाली ३० ते ६० मिलिव्होल्ट पडू द्या आणि गरज असेल तर बायोसमधला आकडाच थोडा वर घ्या.

इथे एक सापळा आहे. असूसच्या बोर्डांवर मोठा क्रमांक म्हणजे जास्त कडक. एमएसआय आणि ॲसरॉकवर उलट, क्रमांक १ सगळ्यात कडक. दुसऱ्याची सेटिंग डोळे झाकून उतरवली तर नेमकी विरुद्ध टोकाची पातळी लागते.

८. स्थिर, ऑफसेट की ॲडाप्टिव्ह – व्होल्टेजची कोणती पद्धत घ्यावी?

मर्यादा शोधताना स्थिर, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलते. सेटिंग पक्की झाली की इंटेलवर ॲडाप्टिव्ह घ्या: हलक्या कामाला व्होल्टेज आपोआप उतरतं आणि टर्बोमध्ये तुम्ही ठरवलेलं मिळतं. ऑफसेट कारखान्याच्या संपूर्ण वक्राला वर-खाली ढकलतो, म्हणून ऑफसेट उणे असेल तर पूर्ण भारात सगळं ठीक आणि रिकाम्या मशीनवर क्रॅश असं होऊ शकतं.

स्थिर व्होल्टेजने मशीन रिकामं असतानाही प्रोसेसर झिजतो, अशी भीती बऱ्याच जणांना असते. झोपेच्या अवस्था, म्हणजे सी-स्टेट्स, चालू असतील तर रिकाम्या कोअरचा पुरवठा आतूनच तोडला जातो. त्यामुळे नुकसान समजलं जातं त्यापेक्षा बरंच कमी. मात्र सी-स्टेट्स बंद करू नका.

९. रायझन काहीच करत नसताना १.४५ व्होल्ट दाखवतं. जळणार तर नाही?

नाही. एखाद-दुसरा कोअर क्षणभर पूर्ण वेगाने धावतो, तेव्हा तो १.४० ते १.५० मागतो. प्रवाह कमी असल्याने ते चालतं. गंमत म्हणजे मोजणारं सॉफ्टवेअरच दर सेकंदाला कोअरला जागं करतं आणि मग जागा झालेल्या कोअरचा आकडा दाखवतं. एचडब्ल्यूइन्फो सोडून बाकीची मोजमाप-सॉफ्टवेअरं बंद करा, वाचनाचा काळ दोन-तीन सेकंदांचा ठेवा आणि सगळे कोअर भारात असताना व्होल्टेज किती उरतं ते पाहा. ते १.२ ते १.३च्या दरम्यान आलं तर सगळं बरोबर आहे. हाच १.४५ तुम्ही हाताने स्थिर लावलात तर मात्र प्रोसेसर काही महिन्यांत झिजू शकतो.

१०. पहिल्यांदाच करतोय. क्रम कसा ठेवू?

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. अस्थिर मशीन फाइली बिघडवतं, आणि ते लगेच कळत नाही.
२. बायोस अद्ययावत करा, मग कारखान्याच्या सेटिंगवर आणा. मेमरीचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (मेमरी जास्त वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल) तूर्त बंद.
३. सिनेबेंच (प्रोसेसरला भार देऊन गुण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. गुण, सर्वोच्च तापमान, भारातलं व्होल्टेज आणि वॅट लिहून ठेवा. ही तुमची पायरेषा.
४. लोड-लाइन मधल्या पातळीवर, व्होल्टेज स्थिर. पायरेषेत भाराखाली जे दिसलं तेवढं भाराखाली मिळेल असा आकडा टाका.
५. मल्टिप्लायर एकाने वाढवा, दहा मिनिटं चालवा. पास झालं तर पुन्हा एकाने.
६. नापास झालं आणि तापमान ८५च्या खाली असेल तर १० ते १५ मिलिव्होल्ट वाढवा. तापमान वर असेल तर व्होल्टेजला हात लावू नका, मल्टिप्लायर उतरवा.
७. प्रश्न ४ मधली रेघ किंवा ९० अंश, जे आधी येईल तिथे थांबा. एक पायरी मागे या.
८. लांब चाचण्या करा (प्रश्न ११), मग १० ते १५ मिलिव्होल्ट जास्तीचे गाठीशी ठेवा.
९. आता मेमरीचं प्रोफाइल चालू करा आणि चाचण्या *पुन्हा* करा. ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड कुणामुळे झाला हे कधीच कळत नाही.

११. कोणती चाचणी, किती वेळ?

सिनेबेंचची दहा मिनिटं ही फक्त चाळणी. त्यानंतर वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी एक तास, मग प्राइम९५ एक ते दोन तास. प्राइम९५चे लहान एफएफटी (गणिताचे लहान तुकडे) एव्हीएक्ससह, म्हणजे एकदम पुष्कळ आकड्यांवर काम करणाऱ्या जड सूचनांसह, चालवले तर प्रवाह इतका वाढतो की तसं काम रोजच्या वापरात क्वचितच येतं. या एका टोकाच्या चाचणीत ९०ऐवजी ९५ अंश दिसले म्हणून घाबरू नका, पण रात्रभर तसं चालवूही नका. प्रोसेसर झिजवून स्थिरता तपासण्यात काही अर्थ नाही. मोठ्या एफएफटीवर मेमरीचा कंट्रोलर तपासला जातो, तेही करा.

तुमचं काम एव्हीएक्स वापरणारं नसेल तर इंटेलच्या बोर्डावर एव्हीएक्स ऑफसेट लावता येतो: असं काम आलं की मल्टिप्लायर दोन-तीनने उतरतो.

शेवटची चाचणी म्हणजे काहीच न करणं. मशीन रात्रभर रिकामं ठेवा, झोपवा, उठवा, थंड असताना चालू करा. उणे ऑफसेटच्या चुका इथेच बाहेर येतात.

१२. क्रॅशच्या प्रकारावरून कारण ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. निळ्या पडद्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ किंवा ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ आलं तर बहुधा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा दर वेळी वेगळाच निळा पडदा आला तर आधी मेमरी तपासा. चाचणीचा एकच कोअर थांबला आणि बाकीचे चालू राहिले तर तो कोअर दुबळा आहे. पडदा न दिसता मशीन एकदम बंद झालं तर पॉवर सप्लाय, बोर्डाचं संरक्षण किंवा तापमान यांच्याकडे पाहा.

क्रॅश न होताही इशारा मिळतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी शोधा. दुरुस्त झालेल्या चुका तिथे साठत असतील तर सेटिंग स्थिर नाही, चाचणी पास झाली तरी.

१३. एवढा मोठा कूलर लावला, तरी सेकंदात ९५! पेस्ट चुकली का?

आधी प्रोसेसर कोणता ते पाहा. रायझन ७००० कारखान्यातूनच असा आखला आहे की जागा असेपर्यंत वेग वाढवायचा आणि ९५ला स्थिरावायचं. तिथे चांगला कूलर तापमान उतरवत नाही, त्याच तापमानाला जास्त वेग देतो. हे आवडत नसेल तर इको मोड लावा: १७० वॅटच्या प्रोसेसरची २३० वॅटची प्रत्यक्ष मर्यादा १४२ किंवा ८८वर येते. वेगात मोठी घट न होता तापमान बरंच उतरतं.

दुसरं कारण क्षेत्रफळाचं. झेन ४चा कोअर असलेला तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा आहे. एवढ्याशा जागेतून शंभरापेक्षा जास्त वॅट बाहेर काढायचे तर अडथळा तुकडा आणि वरच्या धातूच्या झाकणात असतो, आणि तो रेडिएटर मोठा करून जात नाही.

हे दोन्ही लागू नसेल तर: कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढला का, स्क्रू तिरक्या जोडीने सारखे आवळले का, पंप बायोसमध्ये पूर्ण वेगावर आहे का. आधी ७५ आणि वर्षभराने त्याच कामाला ८८ असेल तर पेस्ट बाजूला सरकली किंवा वाळली आहे, नवी लावा. द्रव धातूची पेस्ट लावायची असेल तर ॲल्युमिनियमच्या तळावर कधीच नाही, कारण त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम कुरतडतं. शिवाय ती वीज वाहते, थेंब सांडला तर शॉर्ट.

१४. मी प्रोसेसरला हातही लावला नाही, फक्त मेमरीचं प्रोफाइल चालू केलं. तरी धोका आहे का?

आहे, आणि तो दुर्लक्षित राहतो. मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोफाइल चालू केलं की पुष्कळ बोर्ड त्याचं व्होल्टेज ‘ऑटो’खाली गरजेपेक्षा जास्त चढवतात. एप्रिल २०२३मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची प्रकरणं पुढे आली, त्यात एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं व्होल्टेज) हेच कळीचं होतं. त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून ते १.३० व्होल्टवर बांधलं. त्यामुळे एएम५ (रायझन ७००० आणि ९०००चं सॉकेट) बोर्डाचा बायोस जुना असेल तर आधी तो बदला.

आमची मापं: एएम५वर एसओसी १.२०च्या आसपास, १.३०च्या वर कधीच नाही. एएम४वर, म्हणजे त्याआधीच्या सॉकेटवर, १.१०, फार तर १.१५. इंटेलच्या १४ नॅनोमीटर पिढ्यांवर सिस्टिम एजंट (इंटेलमधला तसाच भाग) १.२५पर्यंत, १२व्या पिढीपासून १.२५ ते १.३०. ‘ऑटो’ काय देतंय ते पाहा आणि स्वतः आकडा टाका. डीडीआर४चं प्रोफाइल बहुतेकदा १.३५ व्होल्टचं असतं. डीडीआर५ मूळचं १.१०चं, प्रोफाइलमध्ये १.२५ ते १.४०. मेमरीच्या पट्ट्यांसाठी हे आकडे ठीक आहेत.

अधिकृतपणे एक्सएमपी आणि एक्स्पो हेही ओव्हरक्लॉकिंगच मोजलं जातं, हे वॉरंटीच्या दृष्टीने ध्यानात ठेवा.

१५. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं प्रकरण नेमकं काय? माझ्याकडे आय९-१४९००के आहे.

या पिढ्यांचे प्रोसेसर कारखान्याच्या सेटिंगवरही जास्त व्होल्टेज मागत होते, आणि त्याने कोअरमधला क्लॉक पोहोचवणारा भाग अकाली झिजत होता. परिणाम: आधी चालत असलेल्या वेगाला पुढे जास्त व्होल्टेज लागतं. २०२४मध्ये इंटेलने मायक्रोकोडचे, म्हणजे बायोसमधून चढणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे, बदल दिले. ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली, आणि सप्टेंबरमधल्या ०एक्स१२बीने रिकाम्या किंवा हलक्या कामातली वाढीव मागणीही रोखली. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

करायचं एवढंच: ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेला बायोस चढवा, इंटेलचं डीफॉल्ट प्रोफाइल निवडा, १४९००केसाठी वीज २५३ वॅटवर आणि प्रवाह ३०७ ॲम्पिअरवर बांधा. बोर्डांची ‘अमर्याद’ सेटिंग लावू नका. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. मशीन आधीपासूनच क्रॅश होत असेल तर सेटिंगशी झगडत बसू नका, प्रोसेसर बदलून मागा.

१६. पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर सुरक्षित आहेत का?

पीबीओ म्हणजे रायझनला स्वतःच आणखी वेग वाढवू देणारी सोय, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणजे प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने उतरवणारी सेटिंग. हाताने स्थिर व्होल्टेज लावण्यापेक्षा हे जास्त सुरक्षित, कारण प्रोसेसरची स्वतःची राखण चालू राहते आणि एका कोअरचा वरचा वेगही जात नाही. रायझन ५०००पासून पुढे आम्ही हाच मार्ग सुचवतो. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. सगळ्या कोअरना उणे १०पासून सुरुवात करा, मग उणे १५, उणे २०. थेट उणे ३० लावून ‘माझं चालतं’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं मशीन आठवड्यातून एकदा विनाकारण रीस्टार्ट होत असतं.

प्रत्येक कोअर एकेकटा तपासायला कोअरसायकलर वापरा. सगळे कोअर एकदम चालवले तर वेग कमी राहतो आणि चूक झाकली जाते. सर्वांत वेगवान म्हणून खूण केलेले कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालतात, त्यांना बहुधा इतरांपेक्षा कमी उणे झेपतं.

१७. अंडरव्होल्ट केलं (व्होल्टेज कारखान्यापेक्षा कमी केलं), वेग तोच दिसतो, क्रॅश नाही, पण गुण कमी आले. का?

व्होल्टेज अपुरं वाटलं की काही प्रोसेसर क्रॅश होण्याऐवजी ठोके लांबवतात. दाखवलेला वेग तोच राहतो, प्रत्यक्ष काम कमी होतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ पाहा. पूर्ण भारात तो दाखवलेल्या वेगापेक्षा ५० मेगाहर्ट्झहून जास्त मागे असेल तर हेच चाललंय. इंटेलच्या १२व्या पिढीपासून पुढे सीईपी नावाचं संरक्षण असाच परिणाम करतं. बोर्ड मुभा देत असेल तर ते बंद करता येतं, नाहीतर अंडरव्होल्ट थोडं कमी करा. म्हणूनच प्रत्येक पायरीला फक्त स्थिरता न पाहता गुणही लिहा.

अंडरव्होल्टने प्रोसेसर जळत नाही. बिघडू शकतात त्या फाइली.

१८. मशीन चालूच होत नाही. संपलं का सगळं?

बहुतेकदा नाही. बोर्ड दोन-तीनदा स्वतः प्रयत्न करून सुरक्षित सेटिंगवर येतो, पाच मिनिटं थांबा. डीडीआर५वर मेमरीची ओळख पटवायलाच काही मिनिटं लागतात, त्या वेळी बटण दाबू नका. मग वीज पूर्ण काढून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसा: बटण किंवा जंपर नसेल तर बोर्डावरचा गोल सेल दहा मिनिटं बाहेर.

१९. बोर्डाच्या व्हीआरएमचं तापमान किती चालतं?

व्हीआरएम म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग. त्यातले मॉसफेट (वीज उघड-बंद करणारे स्विच) स्वतः १००च्या वरही टिकतात, पण शेजारचे कपॅसिटर साधारण १०५ अंशांसाठी बनवलेले असतात. आम्ही ९०च्या आत ठेवतो. पाण्याचा कूलर बसवला की प्रोसेसरजवळचा पंखा नाहीसा होतो आणि तिथली हवा थांबते. प्रोसेसर ७०वर, तरी वेग अधूनमधून पडतोय, असं झालं की आधी व्हीआरएम पाहा. बहुतेक वेळा त्या दिशेने हवा टाकणारा एक पंखा पुरतो.

२०. तापमान ६०वर ठेवलं तर १.४५ व्होल्ट चालेल ना?

अर्धंच खरं. तारांमधले धातूचे अणू प्रवाहाने सरकणं, म्हणजे इलेक्ट्रोमायग्रेशन, तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं, म्हणून थंडाव्याचा तिथे नक्की फायदा होतो. पण ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा काही अणूंचा पातळ थर मुख्यतः व्होल्टेजने थकतो. तिथे कूलर फारशी मदत करत नाही. थंडावा वापरायचा तर उलट बाजूने वापरा: थंड प्रोसेसर त्याच वेगाला थोड्या कमी व्होल्टेजवर स्थिर राहतो. सात-आठ अंश उतरले की १० मिलिव्होल्ट काढून पाहा.

२१. वर्षभर नीट चाललेली सेटिंग आता क्रॅश होते. प्रोसेसर झिजला का?

लगेच तसं ठरवू नका. पेस्ट, धूळ, खोलीचं तापमान, बायोसचा नवा बदल, नवी मेमरी हे आधी वगळा. मग कारखान्याच्या सेटिंगवर चाचणी घ्या. तिथे स्थिर असेल तर ओव्हरक्लॉक परत आणा आणि जुनं व्होल्टेज, जुनं तापमान असूनही नापास होतंय का ते वहीतल्या नोंदींशी ताडा. तसं होत असेल तर झीज झाली आहे.

मग हात आपोआप व्होल्टेज वाढवण्याकडे जातो. ते करू नका, जास्त व्होल्टेजने पुढची झीज अधिक वेगाने होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच याल. १०० ते २०० मेगाहर्ट्झ उतरवा आणि व्होल्टेजही ३० ते ५० मिलिव्होल्टने खाली आणा. तेवढ्यावर तो प्रोसेसर पुढे बराच काळ चालतो. कारखान्याच्या सेटिंगवरही चुका येत असतील तर त्यावर महत्त्वाचं काम ठेवू नका.